फुटका डिनर सेट, संपलेली मुदत आणि वीस टक्क्यांचे कुपन

प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरीच्या एका ताईंनी लेकीच्या वास्तुशांतीसाठी ऑनलाइन बाजारपेठेवरून चोवीस नगांचा चिनीमातीचा डिनर सेट मागवला. किंमत ४,३०० रुपये, पैसे यूपीआयने आधीच दिलेले, विक्रेता उत्तर प्रदेशातल्या खुर्जाचा. मृगाचा पाऊस सुरू झाला होता. खोके आले ते एका बाजूने ओले आणि कोपऱ्यात चेपलेले. घरात कार्याची धावपळ, म्हणून ते तसेच ठेवले. पाचव्या दिवशी रात्री उघडले तर चार ताटल्यांचे टवके उडालेले आणि दोन वाट्यांना तडे. तक्रार केली तेव्हा उत्तर आले की नाजूक वस्तूंची तक्रार ४८ तासांत करावी लागते, मुदत संपली. फार मागे लागल्यावर पुढच्या खरेदीवर वीस टक्के सूट देणारे कुपन देऊ केले. उरलेली भांडी ताईंनी कार्यात वापरली. आता विचारतात, काही होऊ शकते का, की पैसे गंगेला मिळाले?

होऊ शकते. पण आधी एक घोळ निस्तरू या, कारण ग्राहक मार्गदर्शन केंद्रात येणारी निम्मी माणसे त्यातच अडकलेली असतात. दुकानाची रिटर्न पॉलिसी म्हणजेच आपला हक्क, असे ती धरून चालतात. पॉलिसीची मुदत संपली की हक्कही संपला असे समजून घरी बसतात.

रिटर्न पॉलिसी ही दुकानदाराने आपणहून दिलेली सवलत असते. रंग आवडला नाही, माप बसले नाही, मन बदलले, तर ती कामाला येते आणि तिच्या अटी तो ठरवतो. युरोपीय संघात ऑनलाइन घेतलेल्या बहुतेक वस्तू १४ दिवसांत काही कारण न देता परत करता येतात. आपल्याकडे तसा सरसकट हक्क नाही. माल चांगला असेल आणि तुम्हाला तो नुसता नकोसा झाला असेल, तर दुकानदाराची अट पाळावी लागते, त्यात भांडायला फारशी जागा नाही.

माल सदोष असेल तर मात्र सगळा पट बदलतो. तिथे सवलतीचा प्रश्नच येत नाही, कायदा येतो. जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधल्या कलम २(४७) नुसार, विकलेला सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत आणि बिलात मुदतच नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे वेगळे नियम आले. त्यात विक्रेत्यावर स्पष्ट बंधन आहे : वस्तू सदोष असेल, बनावट असेल किंवा जाहिरातीत दाखवली तशी नसेल, तर ती परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला त्याला नकार देता येत नाही.

म्हणून ताई, पहिले काम : बिल काढा. ॲपमध्ये ऑर्डरच्या खाली ते पीडीएफमध्ये मिळते. कायदा बिलावर किंवा पावतीवर लिहिलेल्या मुदतीबद्दल बोलतो. ४८ तासांची अट त्या बिलावर आहे का, की वस्तूच्या पानावर, तीन ठिकाणी बोट लावल्यावर उघडणाऱ्या बारीक मजकुरात आहे? माझा अनुभव असा की ती बहुधा बिलावर नसते. नसेल तर तुम्ही पाचव्या दिवशी केलेली तक्रार ३० दिवसांच्या आत आरामात बसते. आणि समजा असली, तरी ई-कॉमर्सच्या नियमातल्या बंधनाला अशी मुदत जोडलेली नाही.

दुसरे काम : तक्रार करताना ॲपमध्ये कोणते कारण निवडले ते बघा. कारणांची यादी उघडते त्यात 'आता नको आहे' हे बऱ्याचदा सगळ्यात वर असते, आणि ते दाबले की पिकअप लवकर मिळतो असा एक समज पसरला आहे. भल्याभल्यांनी ते दाबले आहे. तसे दाबले की तुमच्याच हाताने तुम्ही सदोष मालाची तक्रार 'मन बदलले' या खात्यात टाकता आणि पुढे समोरचा वकील त्याचाच स्क्रीनशॉट लावतो. चुकून तसे झाले असेल तर आजच लेखी दुरुस्ती कळवा : 'कारण चुकून निवडले गेले, माल फुटलेला आहे.' फोटो लगेच जोडा.

आता पाच दिवसांचे. वस्तू विक्रीचा आपला कायदा १९३० चा आहे आणि तो अजून भक्कम उभा आहे. त्याचे कलम ४१ सांगते की आधी न पाहिलेला माल घेतला, तर तो तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत ग्राहकाने तो स्वीकारला असे मानता येत नाही. ऑनलाइन खरेदीत सगळाच माल न पाहिलेला असतो. डिलिव्हरीवाल्याच्या यंत्रावर बोटाने केलेली सही म्हणजे खोके मिळाल्याची पोच. आतली ताटली शाबूत असल्याचा दाखला ती होत नाही. कार्य चालू असलेल्या घरात खोके पाच दिवस बंद राहणे हे वाजवी आहे की नाही, यावर वाद होऊ शकतो. पण तुमची बाजू पडकी नाही. हेच पाच महिने झाले असते तर मी तुम्हाला वेगळे उत्तर दिले असते.

खरी कमजोर जागा दुसरी आहे, आणि ती तुम्ही प्रामाणिकपणे सांगितलीत हे बरे केलेत. उरलेली भांडी वापरली. त्याच कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे, मिळालेल्या मालाबाबत ग्राहकाने विक्रेत्याच्या मालकीशी विसंगत अशी कृती केली, तर माल स्वीकारला असे धरले जाते. पाहुण्यांना त्यात जेवायला वाढणे ही तशी कृती आहे असे विक्रेता म्हणणार, आणि ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या ग्राहक आयोगाला ते पटूही शकते. म्हणून आता 'सेट परत घ्या, पूर्ण पैसे द्या' या मागणीवर अडून बसू नका. सहा नग त्याच नक्षीचे, त्याच रंगाचे बदलून द्या, आणि तसे जुळणारे नग नसतील तर सेटची किंमत परत करा, अशी मागणी करा. ही मागणी टिकते. माल स्वीकारला असे धरले तरी दोषाची भरपाई मागण्याचा हक्क जात नाही, आणि ग्राहक आयोगाला ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३९ खाली वस्तू बदलून देणे, किंमत परत करणे, भरपाई देणे, यांपैकी काहीही फर्मावता येते. 'जुळणारे' या शब्दावर जोर द्या. चिनीमातीच्या वेगवेगळ्या भट्ट्यांतून निघालेल्या मालाची झिलई आणि छटा थोडी तरी वेगळी पडते, आणि चोवीसांतले सहा नग वेगळे दिसू लागले की तो सेट उरत नाही.

टवका उडालेल्या ताटल्या मात्र वापरू नका, 'एवढंसं तर आहे' म्हणूनही नाही. कड कापते, झिलई गेलेल्या जागेत तेल-पाणी मुरते, आणि महत्त्वाचे म्हणजे तो तुमचा पुरावा आहे. विक्रेता म्हणेल की स्वखर्चाने बांधून खुर्जाला पाठवा, मग बघू. तशी सक्ती त्याला करता येत नाही. वस्तू विक्री कायद्याच्या कलम ४३ नुसार नाकारलेला माल परत नेऊन देण्याचे बंधन ग्राहकावर नाही, नाकारल्याचे कळवणे पुरते. पिकअप पाठवला तर द्या. देताना सगळे सहा नग एका फोटोत आणि पिकअपची पावती दुसऱ्या फोटोत घ्या. तोवर कपाटाच्या वरच्या फळीवर राहू द्या.

'कुरिअरने फोडले, आम्ही नीट पाठवले होते' हे उत्तर तुम्हाला मिळाले नसेल तर अजून मिळायचे आहे. त्यात अडकू नका. कुरिअर तुम्ही नेमले नव्हते, त्याचे भाडे तुम्ही ठरवले नव्हते. विक्रेत्याने आणि त्याच्या कुरिअरने आपापसात काय ते बघावे. चिनीमातीचा माल नीट कसा बांधायचा हे खुर्जातल्या माणसाला शिकवायची गरज नाही. तो त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा आहे. ताटल्या आडव्या रचण्यापेक्षा कडेवर उभ्या ठेवलेल्या जास्त टिकतात, दोन ताटल्यांत कागद किंवा पुठ्ठा लागतो, बाहेरचे खोके जाड पन्हळी पुठ्ठ्याचे लागते, आणि पावसाळ्यात कोकणात माल पाठवायचा तर आत प्लास्टिकचे वेष्टण लागते. तुमच्या फोटोत मला एका पातळ खोक्यात वर्तमानपत्राचे बोळे दिसतात. हा मुद्दा तक्रारीत लिहा. दोष मालातच नाही, बांधणीतही आहे.

पुराव्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण अशा प्रकरणांचा निकाल बहुतेक वेळा इथेच लागतो. आदर्श गोष्ट म्हणजे खोके उघडतानाचा सलग व्हिडिओ : आधी पत्त्याचे लेबल, मग सहाही बाजू, मग चिकटपट्टी कापणे, मग आतला माल, मध्ये न थांबता. तो तुमच्याकडे नाही. नसला म्हणून दावा मरत नाही, विक्रेते तसे भासवतात एवढेच. तुमच्याकडे काय आहे ते बघा. रात्री फुटलेल्या ताटल्यांचे फोटो तुम्ही बहिणीला व्हॉट्सॲपवर पाठवलेत, 'बघ काय आलंय' असे लिहून. त्या संदेशावर तारीख आणि वेळ आहे, आणि तो पुढे कधी काळी वाद होईल म्हणून लिहिलेला नाही. म्हणूनच तो विश्वासार्ह वाटतो. पुसू नका, बहिणीलाही सांगून ठेवा. फोनमधले मूळ फोटोही तसेच ठेवा, कारण व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या फोटोतली काढल्याची माहिती गळून पडते. खोके रद्दीत गेले नसेल तर लेबलसकट ठेवा; गेले असेल तर निदान लेबल कुठे फोटोत आले आहे का ते शोधा. प्रकरण आयोगापुढे गेलेच तर या फोटोंसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे, म्हणजे डिजिटल पुरावा अस्सल असल्याचे, प्रमाणपत्र लागते. १ जुलै २०२४ पूर्वी, जुन्या पुरावा कायद्यात, त्यालाच ६५-ब म्हणत. आयोग पुराव्याच्या कायद्याला न्यायालयाइतका काटेकोर बांधलेला नाही, तरी समोरच्या वकिलाचा पहिला आक्षेप तिथेच येतो.

पुढच्या वेळेसाठी एक सांगून ठेवतो. खोके ओले किंवा चेपलेले दिसले तर दारातच परत पाठवणे सर्वांत स्वस्त पडते. तो पोरगा कुरकुरेल, त्याला अजून पन्नास घरे गाठायची असतात, त्याच्यावर चिडू नका. घ्यायचेच असेल तर तो उभा असतानाच लेबल आणि चेपलेला कोपरा एका फोटोत घ्या. 'ओपन बॉक्स डिलिव्हरी', म्हणजे खोके दारातच उघडून दाखवण्याची सोय, असेल तर आतला माल डोळ्यांनी बघितल्याशिवाय ओटीपी सांगू नका, कारण तो सांगितला की 'तपासून घेतले' अशी नोंद होते.

आता तक्रार कोणाकडे करायची? दोघांकडे, एकाच पत्राने : विक्रेता आणि बाजारपेठ. बाजारपेठ म्हणेल, आम्ही फक्त मंच आहोत, व्यवहार तुम्हा दोघांतला. हे अर्धेच खरे आहे. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मानकात न बसणारे प्रेशर कुकर आपल्या मंचावरून विकू दिल्याबद्दल मोठ्या बाजारपेठांना दंड केला आणि ग्राहकांचे पैसे परत करायला सांगितले. प्राधिकरण एकेकट्या ग्राहकाचे भांडण सोडवत नाही, पण 'आम्ही फक्त मंच' या ढालीला भोक पाडता येते हे त्यातून दिसते. तुमच्या कामाचे त्याहून साधे नियम दोन. प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचे नाव आणि संपर्क संकेतस्थळावर द्यावा लागतो; तक्रारीची पोच त्याने ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात ती सोडवायची. (४८ तासांची मुदत कंपनीलाही आहे, हे त्यांना आठवण करून द्यायला हरकत नाही.) आणि दुसरा, जो फारसे कोणी वापरत नाही : खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागितले, तर विक्रेत्याच्या मुख्य कार्यालयाचा पत्ता, ईमेल आणि संपर्काची माहिती बाजारपेठेला द्यावीच लागते. हा पत्ता हातात असल्याशिवाय पुढची नोटीस कोणाला पाठवणार?

चॅटवर वेळ घालवू नका. तिथे दर वेळी नवा माणूस येतो, 'तुमची गैरसोय समजते' म्हणतो आणि तुमची कहाणी पहिल्यापासून ऐकतो. झालेल्या चॅटचे स्क्रीनशॉट घ्या, तक्रार क्रमांक टिपून ठेवा आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. मजकूर एवढाच पुरे :

'ऑर्डर क्रमांक अमुक, तारीख तमुक, किंमत ४,३०० रुपये. पार्सल अमुक तारखेला ओल्या व चेपलेल्या खोक्यात मिळाले. अमुक तारखेला उघडले असता चार ताटल्या व दोन वाट्या फुटलेल्या आढळल्या. फोटो जोडले आहेत. त्याच दिवशी तक्रार केली, तिचा क्रमांक अमुक. मुदत संपल्याचे कारण देऊन ती फेटाळली. ते कारण मला मान्य नाही. त्याच नक्षीचे सहा नग १५ दिवसांत विनामूल्य बदलून द्यावेत. ते शक्य नसल्यास सेटची किंमत मूळ खात्यात परत करावी. देऊ केलेले कुपन मी स्वीकारलेले नाही. विक्रेत्याचा पूर्ण पत्ता व ईमेल कळवावा. अन्यथा ग्राहक आयोगात दाद मागावी लागेल.'

राग, टोमणे, 'तुमच्यासारख्या लुटारूंना' वगैरे काही नको. हे पत्र उद्या आयोगाच्या सदस्यांच्या हातात पडणार आहे असे धरून लिहा. वापरलेल्या भांड्यांबद्दल विचारले तर खरे सांगा, न विचारता सांगायची गरज नाही. तारखा जुळल्या पाहिजेत, हे मात्र दोनदा तपासा.

कुपनाचे म्हणाल तर 'स्वीकारा' हे बटण दाबू नका. बऱ्याचदा त्याच्याखाली 'तक्रार पूर्णपणे मिटली' अशी ओळ असते. शिवाय त्या कुपनातून वीस टक्के वाचवायला आधी त्यांनाच आणखी ऐंशी टक्के द्यायचे आहेत.

ईमेलला उत्तर आले नाही तर १९१५ ला फोन करा. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येते, फोन फुकट आहे. हेल्पलाइन निकाल देत नाही, कंपनीला आदेशही देऊ शकत नाही. पण मोठ्या कंपन्या तिच्याशी जोडलेल्या असतात आणि तिथून आलेली तक्रार कंपनीत वेगळ्या टेबलावर जाते. पाच हजारांच्या आतली प्रकरणे मी इथेच मिटताना जास्त पाहिली आहेत. पैसे क्रेडिट किंवा डेबिट कार्डाने दिलेल्यांना बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत, मागण्याचाही मार्ग असतो. तुम्ही यूपीआयने दिल्यामुळे तो तुमच्या फारसा कामाचा नाही.

त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. जुनी माणसे अजून 'ग्राहक मंच' म्हणतात, तोच. खुर्जाला जावे लागेल का, ही तुमची भीती २०१९ च्या कायद्याने संपवली : तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात दावा लावता येतो, म्हणजे रत्नागिरीतच. वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. वकील सक्तीचा नाही. तक्रार मराठीत लिहिता येते, आपल्याकडच्या जिल्हा आयोगांचे कितीतरी निकाल मराठीतच असतात. ऑनलाइन दाखल करायची तर जानेवारी २०२५ पासून ई-जागृती हे पोर्टल आहे, आणि सुनावणीला व्हिडिओवरून हजर राहू देण्याची विनंतीही करता येते. मुदत दोन वर्षांची. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापुढे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये पक्के केले.

निकाल तीन महिन्यांत द्यावा असे कायद्यात आहे. प्रत्यक्षात आयोगात जागा रिकाम्या असतात, तारखा पडतात, आणि वर्ष सहज निघून जाते. हे ठाऊक असूनच दावा लावा. आणि भरपाई मागताना हात आवरा. ४,३०० रुपयांच्या सेटसाठी मानसिक त्रासाचे पाच लाख मागणारे अर्ज मी पाहिले आहेत. पहिल्या पानावरच आयोगाचे मत बिघडते. किंमत, त्यावर व्याज, त्रासाबद्दल काही हजार आणि तक्रारीचा खर्च, एवढे मागितले तर मिळण्याची शक्यता चांगली असते. हुकूम होऊनही विक्रेत्याने पाळला नाही तर २०१९ च्याच कायद्याच्या कलम ७२ खाली कैद आणि किमान २५,००० रुपये दंड यांपर्यंत गोष्ट जाऊ शकते, आणि बहुतेकांचे चेक त्याची नोटीस मिळाल्यावरच निघतात.

विषय थोडा बाजूचा आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. रिफंडसाठी कंपनीचा नंबर गूगलवर शोधू नका. फुटका माल हातात घेऊन चिडलेला माणूस हे ठगांचे आवडते गिऱ्हाईक. शोधात वर दिसणारा 'कस्टमर केअर' बऱ्याचदा तेच लावतात. मग 'रिफंडसाठी हे ॲप घ्या', 'पिन टाका' सुरू होते. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, तो देताना लागतो. नंबर ॲपच्या आतूनच घ्या. फसलात तर क्षणही न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा.

ताई, आज संध्याकाळी बिल शोधा, ईमेल पाठवा आणि पंधरा दिवसांनंतरची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. त्या दिवसापर्यंत उत्तर आले नाही तर बिल, फोटो आणि ईमेलची छापील प्रत घेऊन या; १९१५ ची नोंद करायला मी मदत करीन. लेकीला मात्र उरलेले अठरा नग सध्या बाजूला ठेवायला सांगा. सेट बदलून द्यायला ते तयार झाले तर ते परत द्यावे लागतील.